रात्रीच्या हवेचा हिशेब

नवी मुंबईतल्या कोपरखैरणेच्या आमच्या घरात हिवाळ्यातील रात्रीचा एक क्रम ठरून गेलेला आहे. साडेदहा-अकराच्या सुमारास भांडी आवरून झाली की आमच्यापैकी कोणीतरी उठून हॉलच्या खिडकीपाशी जाते, क्षणभर वास घेते आणि मग काच ओढून घ्यायची की उघडी ठेवायची, हे ठरते. काही रात्री काहीच जाणवत नाही. काही रात्री मात्र सडक्या कोबीसारखा किंवा नेलपॉलिशची बाटली उघडी राहिल्यासारखा उग्र दर्प पडद्यांमधून आत शिरतो आणि अर्ध्या तासात आतल्या खोलीतून सत्तरी ओलांडलेल्या आईचा खोकला सुरू होतो. उशाशी ठेवलेला पंप दोनदा ओढूनही धाप लागायची थांबली नाही, तर कपाटातले नेब्युलायझरचे मशीन काढावे लागते. पंधरा-वीस मिनिटे ती तोंडाला मास्क लावून वाफ घेत बसते आणि मी शेजारी बसून मोबाइलवर शहराच्या हवेचा निर्देशांक पाहतो. अनेकदा तिथे हिरव्या पट्टीत ‘समाधानकारक’ असा शेरा असतो.

तो आकडा खोटा नसतो, हे आधीच सांगितले पाहिजे, कारण आकडेच बनावट आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही. आकडा खरा आहे. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न माझ्या आईचा नाही. ठाणे आणि नवी मुंबई या पट्ट्यातील हवेचा प्रश्न हिवाळ्यात तरी मोठ्या प्रमाणावर रात्रीचा प्रश्न असतो, आणि आपली मोजणी, आपला बंदोबस्त आणि आपला खर्च मात्र दिवसाच्या हिशेबाने चालतो, असे माझे म्हणणे आहे.

हवेचा निर्देशांक मुख्यतः गेल्या चोवीस तासांच्या सरासरीवर काढला जातो. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून लहान कण. माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याएवढे. त्यांच्यासाठी २००९ साली ठरलेली आपली राष्ट्रीय मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला एका घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. आता एखाद्या दिवसाची कल्पना करा. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत हवेत हे कण १२० मायक्रोग्रॅम होते आणि उरलेले अठरा तास ४० होते. सरासरी बरोबर ६० येते, निर्देशांक १०० दिसतो आणि शेरा पडतो ‘समाधानकारक’. ज्या सहा तासांत माणूस झोपेत, एकाच खोलीत, सलग ती हवा घेत होता, ते सहा तास त्या बेरीज-भागाकारात विरून गेले. सूक्ष्म कणांसाठी तासाभराची वेगळी मर्यादा आपल्या मानकांत नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ मायक्रोग्रॅमची शिफारस केली, त्या मानाने आपले ६० हे चौपट आहे. पण तो वाद तूर्त बाजूला ठेवला तरी, स्वतःच्याच मर्यादेत बसणारी आपली सरासरी रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, ही अडचण शिल्लक राहते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. निर्देशांकात आठच प्रदूषकांचा विचार होतो: दोन आकारांचे कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. रसायनांच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या द्रावकांच्या वाफा यात नाहीत. हायड्रोजन सल्फाइडही नाही. बेंझिन राष्ट्रीय मानकांच्या बारा प्रदूषकांच्या यादीत आहे, पण त्याची मर्यादा फक्त वार्षिक सरासरीची आहे. म्हणजे रात्री अकराला जो दर्प आमच्या घरात येतो आणि ज्याने घसा चरचरतो, डोळे चुरचुरतात, त्याची नोंद निर्देशांकात होण्याची सोयच नाही. नाकाला कळलेली गोष्ट मोबाइलवर दिसत नाही, म्हणून तक्रार करणारा माणूसच अतिसंवेदनशील ठरतो. मी एकदा रात्री पावणेबारा वाजता तक्रारीच्या क्रमांकावर फोन केला, तेव्हा पलीकडच्या माणसाने अतिशय सौम्यपणे सांगितले की निर्देशांक तर ठीक दिसतो आहे. तो उद्धट नव्हता. त्याच्यापुढे जे पडद्यावर होते, तेच तो वाचून दाखवत होता.

रात्रच का, याचे उत्तर आपल्या भूगोलात आहे आणि ते शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेले आहे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. इथल्या गावठाणांतील जुन्या कोळ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. होड्यांची वेळ त्यावरच ठरत असे. आता नवी मुंबईचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला पारसिकची डोंगररांग, तिच्या पायथ्याशी दिघ्यापासून रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा, मग ठाणे-बेलापूर रस्ता, आणि त्याच्या पश्चिमेला खाडीपर्यंत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी ही वस्ती. दिवसा खारा वारा कारखान्यांचा धूर डोंगराकडे ढकलतो आणि तो चिंचपाडा, इलठणपाडा, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर इथल्या घरांवर जातो. रात्री तोच वारा उलटतो, डोंगरउतारावरची थंड हवा खाली उतरते आणि पट्ट्यावरून वाहत आमच्या खिडक्यांपर्यंत येते. खारघरच्या लोकांना तळोजा औद्योगिक वसाहतीचा जो अनुभव येतो, तोही याच जातीचा आहे.

त्यात हिवाळ्याची भर पडते. दुपारी तापलेली जमीन हवेला वर उचलते, वारा वाहतो आणि धूर, धूळ उंचावर पसरून पातळ होते. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर तुलनेने उबदार थर राहतो आणि भांड्यावर झाकण ठेवावे तशी स्थिती होते. भांडे लहान झाले की त्यात टाकलेला तेवढाच धूर जास्त दाट होतो. दुपारी तीन वाजता सोडलेल्या धुरापेक्षा पहाटे तीन वाजता सोडलेला तेवढाच धूर माणसाला अधिक बाधतो, हे यातले साधे गणित आहे. ओझोनचे मात्र उलट असते, तो उन्हात तयार होतो आणि दुपारी वाढतो. म्हणून दिवसाची हवा निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिच्याकडे पाहताना रात्रीकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढेच म्हणतो.

आणि नेमके रात्रीच काय काय चालते? वाशीत सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, बांधलेल्या जुन्या इमारती पाडून पुनर्विकास सुरू आहे. तीन-तीन मजली तळघरांसाठी खडक फोडला जातो आणि डेब्रिजचे डंपर रस्ते मोकळे असतात म्हणून रात्री निघतात. त्यांतले सगळे ताडपत्री बांधून जात नाहीत. काही डंपर खाडीकाठच्या खारफुटीजवळ किंवा मोकळ्या भूखंडावर अंधारात रिकामे होतात. पालिकेला त्यासाठी डेब्रिजविरोधी भरारी पथक ठेवावे लागते, यातच ते किती नेहमीचे आहे हे दिसते. एपीएमसीच्या बाजारांकडे भाजी-फळांचे ट्रक रात्रभर येतात, आत सोडण्याची वाट पाहत इंजिन चालू ठेवून उभे राहतात. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मज्जाव असल्याने त्यांची रांग रात्री लागते, त्याच रस्त्यावर मेट्रोचे काम आणि दोन्ही बाजूंना नवे टॉवर उभे राहत आहेत. भंगारवाल्यांच्या गल्लीत तांबे काढण्यासाठी वायरी जाळल्या जातात, तेही दिवसाढवळ्या नाही.

यात आमचाही हात आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन डिसेंबरच्या रात्री पत्र्याच्या डब्यात शेकोटी पेटवतो. त्यात काय जळते ते मी एका पहाटे जवळ जाऊन पाहिले. ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी, त्यांवरची चिकटपट्टी, फुग्यांचे प्लॅस्टिक, कोणाच्या तरी जुन्या चपलेचा सोल. त्याच्या अंगात एक विरलेला स्वेटर होता आणि खुर्चीखाली कुत्र्याची दोन पिल्ले ऊब घेत झोपली होती. त्याला दोष देता येत नाही. बारा तासांच्या रात्रपाळीला आपण माणूस नेमतो आणि त्याला जाड जॅकेट किंवा विजेचा हीटर देत नाही, हा हिशेब आमचा चुकलेला होता. आम्ही तो आता दुरुस्त केला आहे, पण तेवढ्याने कोपरखैरणेची हवा सुधारत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आरोग्याच्या बाबतीत रात्रीला आणखी एक अर्थ आहे. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त आक्रसलेल्या असतात, कारण शरीराचे स्वतःचे घड्याळ तसे चालते. ज्या वेळी हवा सर्वांत वाईट, त्याच वेळी छाती सर्वांत कमकुवत. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, म्हणून बाळदम्याच्या मुलांच्या आया रात्री जाग्या असतात. सूक्ष्म कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात, त्यांतले अतिसूक्ष्म रक्तात उतरतात, आणि मग प्रश्न फुप्फुसांपुरता राहत नाही. हवा बिघडल्यापासून काही तासांत किंवा दिवसांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतात. गरोदर बाईला त्याची झळ बसली तर बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये आणि बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे, आणि तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. २०२४ च्या ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’ अहवालाच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणाशी निगडित मृत्यू जगभरात सुमारे ८१ लाख आणि भारतात सुमारे २१ लाख होते.

एवढा मोठा आकडा ऐकून मन बधिर होते, आणि त्याचे एक कारण असे की त्यातला एकही मृत्यू आपल्या ओळखीचा नसतो. आपल्या ओळखीच्या माणसाच्या केसपेपरवर ‘दमा’, ‘ब्राँकायटिस’, ‘हार्ट अटॅक’ असे लिहिलेले असते. हवा कुठेच लिहिलेली नसते. लंडनमध्ये एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये तीव्र दम्याने गेली. ती एका वाहत्या रस्त्याजवळ राहत होती. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तिला रुग्णालयात न्यावे लागले ते दिवस आणि जवळच्या केंद्रावरील हवेच्या नोंदी एका तज्ज्ञाने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. त्या आईला जे करता आले, ते करता येण्याजोगी कागदपत्रे तिथे होती. आपल्याकडे रात्री दोन वाजता कोणत्या नोडमधून, म्हणजे शहराच्या कोणत्या उपनगरातून, किती लोक वाफ घ्यायला आले, ही नोंद आणि त्या रात्री वारा कुठून होता ही नोंद एका टेबलावर येण्याची पद्धत नाही.

सगळ्यांच्या वाट्याला रात्र सारखी येत नाही, हेही नोंदवायला हवे. माझ्याकडे सरकत्या काचा आहेत आणि अगदीच वेळ आली तर एसी लावून खोली बंद करता येते. तुर्भे स्टोअरच्या पत्र्याच्या घरात खिडकी बंद करून झोपणे म्हणजे गुदमरणे. पहाटे साडेसहाला आमच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या सफाई कामगार मावशी तोंडाला साडीचा पदर गुंडाळून घेतात, आणि रात्रभर डंपरांनी सांडलेली माती त्यांच्या झाडूने पुन्हा छातीच्या उंचीवर उठते. त्याच वेळी पामबीचवर आणि खाडीकाठी मंडळी प्रकृतीसाठी भराभर चालत असतात. चालताना श्वास वाढतो, आणि हिवाळ्यात तो वाढवण्यासाठी पहाटेएवढी चुकीची वेळ दुसरी नाही. डॉक्टर ‘रोज सकाळी चाला’ असे सांगतात, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ऊन चढल्यावर चाला, असे त्यांनी जोडायला हवे.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की कारखाने आधी होते, वस्ती नंतर आली, तेव्हा तक्रार कसली. हे खरे आहे की औद्योगिक पट्टा जुना आहे आणि सिडकोची स्थापना १९७० ची. पण या शहरात नोड कुठे असावेत हे घर घेणाऱ्याने ठरवले नाही. हे नियोजित शहर आहे, असा आपला अभिमान आहे. मग डोंगर, कारखाने, वस्ती आणि खाडी या क्रमाने मांडलेल्या शहरात रात्रीचा वारा कुठून कुठे जातो, हा प्रश्न नियोजनाचाच होता आणि आहे. शिवाय कारखान्याला दिलेले संमतीपत्र अटींसह असते, आणि शेजारी वस्ती झाली म्हणून त्या अटी सैल होत नाहीत. गेल्या काही दशकांत पट्ट्यातले पुष्कळ रासायनिक कारखाने बंद झाले, त्यांच्या जागी आयटी पार्क आले. म्हणजे उरलेल्यांवर नजर ठेवणे आता अधिक सोपे व्हायला हवे होते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. माझे वडील याच पट्ट्यात नोकरीला होते, आमचे घर त्या पगारावर झाले. कारखाने बंद करा असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण प्रदूषण रोखणारी यंत्रे नीट चालवणारा कारखानदार आणि वीज वाचवण्यासाठी ती रात्री बंद ठेवणारा कारखानदार यांच्यात आज भेद होत नसेल, तर त्याचा तोटा पहिल्यालाच होतो. नियम पाळणाऱ्या उद्योगाला रात्रीच्या तपासणीने भ्यायचे कारण नाही.

पैशाची दिशाही तपासून पाहावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत. त्यांत ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही येतात. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये देशभरातील या खर्चाचा आढावा घेतला, तेव्हा ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर आणि उद्योगांच्या प्रदूषणावर एक टक्क्याहूनही कमी खर्च झाल्याचे आढळले. शहरांच्या कामगिरीचे मोजमाप मुख्यतः पीएम १० या जाड कणांवर होते, त्यामुळे पाण्याचे फवारे आणि झाडणारी यंत्रे यांना प्राधान्य मिळणे ओघानेच आले. धूळ महत्त्वाची आहेच. पण ज्या दर्पाने माझ्या आईला जाग येते, तो फवाऱ्याने खाली बसत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर बांधकामांभोवती पत्र्याचे आडोसे, ओली कापडे, चाके धुण्याची सोय असे नियम झाले. काही ठिकाणी ते दिसतातही. पण हे नियम दिवसा पाहायला जाण्याचे आहेत. रात्रीसाठी वेगळी मागणी करावी लागेल, आणि ती अवघड नाही. हवा मोजणाऱ्या चालू केंद्रांवर ताशी आकडे नोंदले जातातच. त्यांतून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेची सरासरी वेगळी काढून पालिकेने रोज जाहीर करावी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची रात्रीची गस्त हिवाळ्यात मोहीम म्हणून न काढता नोव्हेंबर ते फेब्रुवारी कायम ठेवावी, आणि त्या पथकाकडे हवेचा नमुना जागेवर भरून घेण्याचे सीलबंद डबे असावेत, कारण वास हा पुरावा तासाभरात खाडीकडे निघून जातो. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पंचनाम्याला येणाऱ्याला तो सापडणारच नाही. तक्रार नोंदवताना वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिणे सक्तीचे करावे. एकाच दिशेकडून, एकाच वेळी आलेल्या वीस तक्रारी नकाशावर मांडल्या की त्या एखाद्या धुराड्यापाशी जाऊन मिळतात. डेब्रिजच्या डंपरांना रात्रीची परवानगी द्यायची तर ताडपत्री आणि मार्गाची नोंद असल्याशिवाय ती देऊ नये. पालिकेच्या रुग्णालयांत रात्री वाफ घेण्यासाठी येणाऱ्या रुग्णांची नोडनिहाय संख्या, नाव-गाव न देता, दर आठवड्याला प्रसिद्ध करावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवावा लागतो.

यंदा आमच्या इमारतीतील चार घरांनी मिळून एक वही सुरू केली आहे. वास आला की तारीख, वेळ, कसा वास आणि गच्चीवरच्या झेंड्याचे टोक कुठल्या दिशेला होते, एवढे लिहायचे. दुसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी ती वही सांभाळते, कारण परीक्षेच्या अभ्यासाला ती उशिरापर्यंत जागी असते. पावसाळ्यात पाने कोरी राहतील, तेव्हा हवा धुतली जाते आणि तक्रारीला जागा नसते. त्या चार महिन्यांत वहीतील नोंदी नोडमधल्या इतर सोसायट्यांच्या नोंदींशी जुळवून पाहायच्या आणि नोव्हेंबरच्या आधी, म्हणजे वारे उलटण्याआधी, मंडळाच्या आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांसमोर नकाशासह ठेवायच्या, असे ठरले आहे.